लाइन गेली तर अंगणातली गाडी कामी येते का?



मे महिना लागला की आपल्या वर्धा जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास जाऊन बसतो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत थंड होत नाही. नवतपा संपता संपता एखाद्या संध्याकाळी वादळ सुटतं, कडुलिंबाची मोठी फांदी तारांवर येऊन पडते आणि लाइन जाते. कूलर बंद, पंखा बंद, बोअरची मोटर बंद. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांची रात्र अर्धी तरी निघते. मग तोही शिट्टी मारायला लागतो.

अशा वेळी पोर्चमध्ये उभ्या असलेल्या गाडीकडे लक्ष जाणारच. अलीकडे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या आपल्या गावांतही हायब्रिड गाड्या दिसतात. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्याही दिसतात. एवढी लाखांची गाडी, तिच्यात एवढी मोठी बॅटरी, मग तिच्यावर रात्रभर दोन पंखे का चालू नयेत? बचत गटाच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, हा प्रश्न आम्ही ऐकत असतो. आज त्याचंच उत्तर आपण नीट समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर असं, की गाडीवर घर चालवता येत नाही, पण घरातली एक खोली चालवता येते. ती कशी चालवायची, त्याला किती पेट्रोल जातं, आणि या कामात कोणत्या दोन गोष्टी जिवावर बेततात, हे आज सांगतो.

आधी घराचा हिशेब

वीजबिलावर आपण युनिट वाचतो. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होतं. शंभर वॅटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट. एवढं कळलं की बाकीचा हिशेब कांदे-बटाट्याच्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट घेतो. आता बाजारात बीएलडीसी नावाचे पंखे मिळतात, ते 30 वॅटच्या आसपास घेतात. एलईडी बल्ब 9 वॅटचा. मोबाइलचा चार्जर 10 ते 20 वॅट. घरगुती कूलर मोटर आणि पाण्याच्या पंपासकट 150 ते 250 वॅट. फ्रीज चालू असताना 100 ते 150 वॅट घेतो, पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी कितीतरी पट जास्त ओढतो. मिक्सर 500 ते 750 वॅट. एक हॉर्सपॉवरची मोटर 746 वॅट म्हणतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त घेते आणि सुरू होताना आणखी. इस्त्री, गीझर, इंडक्शनची शेगडी, एसी हे सगळे हजार-दोन हजार वॅटचे पाहुणे.

आता लाइन नसलेल्या रात्रीचा हिशेब मांडा. दोन साधे पंखे म्हणजे 150 वॅट, तीन बल्ब म्हणजे 27, दोन मोबाइल म्हणजे साधारण 25. झाले 200 वॅटच्या घरात. आठ तासांना 1.6 युनिट. तेच पंखे बीएलडीसी असतील तर सगळे मिळून 110-115 वॅट, म्हणजे रात्रीला एक युनिटही पुरं होत नाही. घरातल्या मंडळींना झोप लागायला एवढीच वीज लागते. हा आकडा लक्षात ठेवा.

गाडीत वीज किती असते

आता गाडीकडे वळू. साध्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीत 12 व्होल्टची एक बॅटरी असते. ती साधारण 35 ते 45 अँपिअर-तासांची, म्हणजे पूर्ण भरली तरी तिच्यात अर्ध्या युनिटच्या आसपासच वीज. शिवाय ही बॅटरी इंजिनाला एक धक्का देऊन सुरू करण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातून हळूहळू रात्रभर वीज ओढत राहिलं तर ती लवकर मरते आणि सकाळी गाडीही सुरू होत नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीचंही असंच. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी वेगळी असते. ती हळूहळू रिकामी व्हायलाच बनवलेली असते. 150 अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीत नवी असताना सुमारे 1.8 युनिट मावतात.

मग हायब्रिड गाडीत किती? इथं बहुतेकींना आश्चर्य वाटतं. मारुतीची ग्रँड विटारा 2022 साली आली. तिच्या स्ट्राँग हायब्रिड मॉडेलच्या मोठ्या बॅटरीत मावते सुमारे पाऊण युनिट. म्हणजे आपल्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीपेक्षाही कमी! कारण हायब्रिडची बॅटरी वीज साठवून ठेवण्यासाठी नसतेच. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती घ्यायची आणि पुढच्या क्षणी गाडी ढकलायला वापरायची, एवढंच तिचं काम. आपल्या घरातल्या गल्ल्यासारखं समजा, पैसे येतात आणि जातात, साठा फारसा नसतो.

पण हायब्रिडकडे दुसरी गोष्ट आहे, पेट्रोलची टाकी. बॅटरी उतरली की गाडीचा संगणक स्वतःहून इंजिन सुरू करतो, काही मिनिटांत बॅटरी भरतो आणि इंजिन बंद करतो. साध्या गाडीचं इंजिन रात्रभर चालू ठेवावं लागेल, आणि नुसतं उभं राहून ते तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितं. हायब्रिडचं इंजिन अधूनमधूनच चालतं. म्हणून घराला वीज द्यायची तर साध्या गाडीपेक्षा हायब्रिड बरी.

इथं एक खुलासा. गाडीच्या मागच्या दारावर हायब्रिड लिहिलेलं असलं म्हणजे ती या कामाची असतेच असं नाही. माइल्ड हायब्रिड, स्मार्ट हायब्रिड अशा नावाच्या गाड्यांत बॅटरी अगदी लहान असते, आणि उभ्या गाडीत ती भरण्यासाठी इंजिन असं आपोआप चालू-बंद होत राहत नाही. घराला वीज देण्याच्या दृष्टीनं ती साधी गाडीच समजा. स्ट्राँग हायब्रिड म्हणजे ग्रँड विटाराचं वरचं मॉडेल, टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, होंडाची सिटी ई-एचईव्ही या जातीच्या गाड्या.

पूर्ण बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. टाटाची नेक्सॉन ईव्ही 30 आणि 45 युनिटांच्या बॅटरीत मिळते. 45 युनिटांच्या गाडीला आपल्या पंख्या-दिव्यांची एक रात्र म्हणजे किरकोळ खर्च. गाडीचा स्वतःचा खप धरला तरी बॅटरी दहा टक्केही उतरत नाही. शिवाय धूर नाही, आवाज नाही. अडचण एवढीच, की लाइन दोन-तीन दिवस आली नाही तर ती पुन्हा भरायची कुठं? हायब्रिडला पेट्रोल पंप पुरतो.

दुसरीकडे हे कसं झालं

ही कल्पना आपल्याकडे नवी असली तरी जगात जुनी आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात डिसेंबर 2008 मध्ये बर्फाचं मोठं वादळ झालं आणि लाखो घरांची वीज गेली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका गावात एका माणसानं आपल्या टोयोटा प्रियस या हायब्रिड गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडला. त्यावर फ्रीज, टीव्ही आणि काही दिवे तीन दिवस चालले. त्याला पेट्रोल लागलं सुमारे पाच गॅलन, म्हणजे 19 लिटरच्या आसपास.

जपानमध्ये 11 मार्च 2011 रोजी भूकंप आणि त्सुनामी आली. वीज नसलेल्या भागांत एस्टिमा हायब्रिड नावाच्या गाड्या फार उपयोगी पडल्या, कारण त्या गाडीत घरासारखा प्लग पॉइंट होता, 1500 वॅटचा. भाताचा कुकर, मोबाइल, हीटर त्यावर चालले. त्यानंतर टोयोटानं तिकडच्या इतर हायब्रिड गाड्यांतही असा पॉइंट द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या हायब्रिडमध्ये तो दिलेला नाही.

आपल्याकडे ही सोय आली ती बॅटरीच्या गाड्यांत. तिला व्ही-टू-एल म्हणतात, म्हणजे गाडीतून बाहेरच्या वस्तूंना वीज. ह्युंदाईची आयोनिक 5 जानेवारी 2023 मध्ये आली तिच्यात ती होती. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉन ईव्हीच्या वरच्या मॉडेलांतही ती आली. गाडीच्या चार्जिंगच्या तोंडात कंपनीची एक खास वायर लावायची, तिच्या दुसऱ्या टोकाला घरगुती प्लग पॉइंट असतो. त्यावर पंखे, दिवे, फ्रीज, मिक्सर सगळं चालतं. तुमच्या घरी बॅटरीची गाडी असेल तर माहितीपुस्तिकेत ही सोय आहे का ते बघा. असेल तर कंपनीचीच वायर घ्या. गावातल्या दुकानात बनवलेली वायर इथं चालणार नाही.

हायब्रिडवर एक खोली कशी चालवायची

गाडीत समोर, पूर्वी जिथं सिगारेट पेटवायची सोय असायची, तिथं 12 व्होल्टचा एक गोल सॉकेट असतो. त्यावर साधारण 120 वॅट, 10 अँपिअर, असं लिहिलेलं असतं. या सॉकेटमध्ये लावायचा छोटा इन्व्हर्टर बाजारात मिळतो. तो 12 व्होल्टचा करंट घरासारखा 230 व्होल्टचा करून देतो. घेताना प्युअर साइन वेव्ह लिहिलेलाच घ्या. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पंखा घुरघुरतो आणि मोटरची वस्तू तापते.

आता मघाचा हिशेब आठवा. दोन बीएलडीसी पंखे 60 वॅट, दोन बल्ब 18, दोन मोबाइल 20-25. शंभरच्या आसपास. म्हणजे गाडीतली एक वायरही न उघडता एका खोलीत सासूबाई, लेकरं आणि आपण, सगळे झोपू शकतो. छताचा पंखा घराच्या वायरिंगवर असतो, त्यामुळे या कामासाठी टेबलावरचा किंवा उभा बीएलडीसी पंखा घ्यावा. त्याचा प्लग सरळ एक्स्टेन्शन बोर्डात लावता येतो.

गाडी मात्र पूर्ण चालू स्थितीत हवी. हायब्रिडमध्ये रेडी असा दिवा लागतो, तो लागलेला असला की मोठी बॅटरी लहान 12 व्होल्टच्या बॅटरीला भरत राहते. नुसता रेडिओ लागेल एवढीच किल्ली फिरवून ठेवली तर लहान बॅटरी उतरते, आणि मग पाऊण युनिटची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. काही गाड्या ठराविक वेळानंतर आपोआप बंद होतात, तेही आधी तपासा. गिअर पार्किंगला, हँडब्रेक ओढलेला, आणि मुलं गाडीत नकोत. रेडी असलेली गाडी आवाज करत नाही, पण ती चालायला तयार असते. पायाचा धक्का लागायचा अवकाश.

यापेक्षा जास्त वॅट हवे असतील तर इन्व्हर्टर थेट 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडावा लागतो. इथं एक गोष्ट समजून घ्या. टाकी कमी उंचीवर असेल तर तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात आणायला पाइप जाड लागतो. विजेचंही तसंच. 230 व्होल्टवर हजार वॅटला चार-साडेचार अँपिअर लागतात. 12 व्होल्टवर त्याच हजार वॅटला 83 अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधली घट धरून नव्वदच्या पुढे. बारीक वायर असेल तर ती पेटते. म्हणून हे काम जाणकाराकडूनच, बॅटरीजवळ योग्य फ्यूज लावून करून घ्या, आणि गाडीची वॉरंटी त्यामुळे जाते का ते सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. हायब्रिडमध्ये बॉनेटखाली आणि सीटखाली जाड नारिंगी वायर असतात. त्यांत शेकडो व्होल्ट असतात. त्यांना कुणीही, हुशार भाच्यानंही, हात लावायचा नाही.

खर्चाचं सांगायचं तर, गाडीतून काढलेल्या एका युनिटमागे लिटरभर पेट्रोल धरून चाला. लोड अगदी लहान असेल तर त्याहून जास्त, कारण गाडीचे स्वतःचे पंप आणि संगणकही वीज खातात. रात्रीला दोन-तीन लिटर गेलं असं समजा. पेट्रोल लिटरमागे शंभर रुपयांच्या पुढे आहे. म्हणजे ही वीज महावितरणच्या विजेपेक्षा कितीतरी पट महाग. वादळानंतरच्या एक-दोन रात्रींसाठी ती परवडते, रोजच्या भारनियमनासाठी नाही. रोजच जात असेल तर चांगला इन्व्हर्टर आणि बीएलडीसी पंखे यांतच पैसे घाला.

धूर दिसत नाही, वासही येत नाही

आता त्या दोन गोष्टी, ज्यांच्यासाठी खरं तर आम्ही आज हा विषय घेतला.

पहिली गोष्ट गाडीचा धूर. पेट्रोल-डिझेल जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासातून रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, सुस्ती येते. झोपेत असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारी माणसं आणि दम्याचे रुग्ण यांना तो लवकर बाधतो.

हायब्रिडमध्ये हा धोका फसवा आहे. रात्री दहाला गाडी रेडी करून ठेवली तेव्हा इंजिन बंद असतं. गाडी शांत, धूर नाही. म्हणून ती पोर्चमध्येच, झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली राहू दिली जाते. मध्यरात्री बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. तेव्हा घरातले सगळे झोपलेले असतात आणि गार हवा यावी म्हणून खिडकी उघडी असते.

म्हणून नियम पक्का करा. गाडी पोर्चमध्ये, गॅरेजमध्ये, गोठ्यात किंवा ताडपत्रीखाली ठेवायची नाही. उघड्या अंगणात, घरापासून किमान 20 फूट दूर, तिचा सायलेन्सर घराच्या उलट दिशेला. वारा घराकडे वाहत असेल तर जागा बदला. इन्व्हर्टर गाडीतच राहील, त्याची 12 व्होल्टची वायर आखूडच ठेवायची, आणि 230 व्होल्टची जाड तीन तारांची एक्स्टेन्शन वायर घरात न्यायची. गाडीच्या बाजूची खिडकी-दारं बंद, दुसऱ्या बाजूची उघडी. पाऊस असेल तर गाडी आणि वायरचे जोड भिजतील, तेव्हा हा उद्योगच करू नका. कुणाचं डोकं दुखायला लागलं, दोघा-तिघांना एकदम मळमळलं, तर सगळ्यांना ताबडतोब उघड्यावर न्या आणि 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. जनरेटरलाही हेच सगळे नियम लागू.

तारेवर एक माणूस चढलेला असतो

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत आहे. काही घरांत दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून ठेवतात. एक टोक जनरेटरला किंवा गाडीच्या इन्व्हर्टरला, दुसरं टोक भिंतीतल्या पॉइंटमध्ये खुपसायचं. सगळ्या घराचे दिवे लागतात आणि घरात कौतुक होतं.

पण घराची वायरिंग मीटरमधून खांबावर जाते, खांबावरून गावातल्या डीपीला. डीपी 11 हजार व्होल्टचे 230 करून आपल्याला देते हे आपल्याला ठाऊक आहे. ती उलट दिशेनंही काम करते. आपल्या घरातून 230 व्होल्ट तिच्याकडे गेले तर पलीकडच्या तारेत हजारो व्होल्ट तयार होऊ शकतात. त्या वेळी त्या तारेवर फांदी काढायला आणि तार जोडायला लाइनमन चढलेला असतो. सबस्टेशनमधून लाइन बंद केली आहे, या भरवशावर तो चढलेला असतो. तो आपल्याच गावातला, कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा असतो.

शिवाय ती वायर भिंतीतून ओढली तर तिच्या उघड्या पिनांत करंट असतो. त्या पिनांना लेकराचा हात लागू शकतो. आणि वायर लावलेली असतानाच महावितरणची लाइन परत आली, तर दोन करंट एकमेकांवर आदळतात आणि इन्व्हर्टर जळतो. मेन स्विच पाडून ठेवला होता असं लोक सांगतात. रात्रीच्या अंधारात, घाईत, एकदा तो पाडायचा राहिला तर काय, याचं उत्तर कुणाकडे नसतं.

म्हणून गाडीची वीज घराच्या वायरिंगमध्ये घालायचीच नाही. वस्तूचा प्लग सरळ गाडीच्या एक्स्टेन्शन बोर्डात. अर्धं घर जोडायचंच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्या स्विचला महावितरणची लाइन आणि आपली लाइन एकदम जोडताच येत नाही.

छतावर सोलर बसवलेल्या मैत्रिणी विचारतात, ऊन असताना लाइन गेली की आमचंही घर बंद का पडतं? त्याचं कारण हेच. महावितरणच्या लाइनला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर लाइन गेल्याबरोबर स्वतःला बंद करतो, म्हणजे तारेवरचा माणूस सुरक्षित राहतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. बिल कमी करायला ती चांगली योजना आहे. पण रात्री किंवा लाइन गेल्यावर वीज हवी असेल तर बॅटरी असलेला हायब्रिड सोलर इन्व्हर्टर वेगळा मागावा लागतो. बसवणाऱ्याला हे पैसे देण्याआधी स्पष्ट विचारा.

घरात आजारी माणूस असेल तर

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागणारं माणूस घरी असेल, तर गाडीवर एकट्या भरवसा ठेवू नका. पाच लिटरचं यंत्र साधारण 350 वॅट घेतं. ते गोल सॉकेटवर चालत नाही, आणि व्ही-टू-एलवर चालवायचं तरी यंत्राच्या कंपनीला विचारूनच. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरी असू द्या, आणि तो कसा उघडायचा हे घरातल्या दोघांना तरी येऊ द्या. नेब्युलायझर थोडाच वेळ लागतो, तो छोट्या इन्व्हर्टरवर चालेल का ते त्याच्यावरचे वॅट वाचून ठरवा.

इन्सुलिनसाठी फ्रीज रात्रभर चालवायची गरज नाही. दार उघडलं नाही तर फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. त्यानंतर इन्सुलिन बंद डब्यात घालून ओल्या मडक्यात ठेवायची जुनी पद्धत आहे, ती आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच समजून घ्या.

किल्ली कुणाकडे?

एक शेवटचं. गाडी घरच्या पुरुषांच्या नावावर, किल्ली त्यांच्या खिशात, आणि लाइन जाते तेव्हा घरी आपण असतो. गाडी चालवता येत नसली तरी ती रेडी कशी करायची, हँडब्रेक कुठं, सॉकेट कुठं, हे शिकायला एक संध्याकाळ पुरते. दुसरी किल्ली कुठं ठेवली आहे ते माहीत करून घ्या. विजेच्या वायरीला बाईनं हात लावू नये असं कुणी म्हटलं, तर त्यांना आपल्याच देवळी तालुक्यातल्या कवठा झोपडीचं नाव सांगा. तिथं बचत गटांतल्या बायकांनी आयआयटी मुंबईकडून शिकून आधी सोलर दिवे जोडले आणि मग सोलर पॅनेल बनवायचा कारखाना उभा केला.

तर या आठवड्यात एवढं करा. एका कागदावर लिहा, लाइन गेल्यावर आमच्या घरी कोणती खोली चालली पाहिजे आणि तिच्यातल्या वस्तू मिळून किती वॅट होतात. गाडीची माहितीपुस्तिका काढून सॉकेट किती वॅटचा आहे ते त्याच कागदावर लिहा. अंगणात गाडी कुठं उभी करायची ती जागा पावलांनी मोजून ठेवा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घरात असेल तर ती आजच कापून टाका. कागदाच्या खाली दोन नंबर लिहा, महावितरणच्या तक्रारीसाठी 1912 आणि रुग्णवाहिकेसाठी 108, आणि तो कागद फ्रीजच्या दारावर चिकटवा. तार तुटून पडलेली दिसली तर तिच्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका, आधी 1912 ला कळवा.